३१ डिसेंबरसाठी स्पार्कलिंग वाइनची कॉकटेल्स : प्रमाणं, पूर्वतयारी आणि फेस टिकवायची रीत

द्राक्षवेल

दर डिसेंबरात या विषयावर सुटे प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. प्रमाणं १५० ते १८० मिलीच्या उंच, निमुळत्या फ्लूट पेल्यासाठी आहेत. कुठे चूक दिसली तर सांगा, मूळ लेखात दुरुस्ती करेन.

ही कॉकटेल्स चव चुकल्यामुळे कमी बिघडतात आणि वायू उडून गेल्यामुळे जास्त. बाटलीतला वायू पेल्यापर्यंत शाबूत नेणं हेच खरं काम. बाकी प्रमाणं कोणालाही जमतात.

बाटली घेताना लेबलवर 'ब्रूट' बघा. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. पाक, रस, लिक्युअर (फळाच्या किंवा मसाल्याच्या चवीची गोड दारू) यांची गोडी वरून येणारच असते, त्यामुळे वाइन कोरडीच हवी. 'एक्स्ट्रा ड्राय' या नावाला भुलू नका. त्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. 'डेमी सेक' ३२ ते ५० ग्रॅम, ती केकबरोबर नुसती द्यावी.

दुसरं बघायचं ते वायू कसा आलाय. सुलाची ब्रूट आणि दिंडोरीला होणारी शँडॉन ब्रूट या दोन्हींमध्ये दुसरं आंबवण बाटलीतच होतं. यीस्टने तयार केलेला वायू महिनोन्महिने वाइनमध्ये मुरतो, म्हणून बुडबुडे बारीक आणि चिवट असतात. सोड्यासारखा बाहेरून वायू भरलेली स्वस्त वाइनही मिळते. तिचे बुडबुडे मोठे, ओतताना भसकन येतात आणि पाच-सात मिनिटांत पेला मुका होतो. नुसती प्यायला ती चालेल, रस घालायचा असेल तर टिकत नाही. उलट फार महागडी, वर्षानुवर्षं मुरवलेली शॅम्पेन कॉकटेलमध्ये घालणं म्हणजे तिची चव झाकणं. मधली, ताजी, आंबटसर ब्रूट सगळ्यात बरी.

गारवा : ६ ते ८ अंश. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला किमान ४ तास, दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार उघडमीट होऊन तिथे तापमान चढतं. घाईत असाल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवून २० मिनिटं. नुसत्या कोरड्या बर्फात खोचलेली बाटली गार व्हायला फार वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात. पाणी सगळीकडून टेकतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते.

आणि फक्त वाइन गार असून भागत नाही. जिन, पाक, रस, गर, पेले, सगळं गार हवं. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात विरघळलेला राहतो. खोलीच्या तापमानाचा ३० मिली पाक गार वाइनला भेटला की तिथेच फेस उसळतो आणि त्या फेसाबरोबर वायू जातो.

उघडणं : बाटलीत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. वरचा चंदेरी कागद सोलल्यावर अंगठा बुचावर ठेवा आणि मगच तारेचं कडं सहा अर्धे पीळ देऊन सैल करा. तार काढू नका, सैल झालेल्या तारेसकट बूच मुठीत धरा. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून, ट्यूबलाइटपासून आणि पंख्यापासून दूर. आता बूच न फिरवता दुसऱ्या हाताने बाटलीचा बुडखा हळू फिरवा. बूच स्वतःच वर यायला लागतं, तेव्हा ते ओढायचं नाही, उलट दाबून धरायचं. नीट उघडलेली बाटली 'फट' वाजत नाही, 'स्स्' असा उसासा टाकते. बूच उडवण्यात गंमत वाटते खरी, पण अर्धा-पाऊण पेला वाइन फरशीवर जाते आणि डोळ्याला लागलं तर दुखापत गंभीर असते.

ओतणं : न फसफसणारे घटक आधी, वाइन शेवटी. पेला तिरका धरून वाइन आतल्या भिंतीवरून सोडायची, दोन धारांत. पहिली धार एक तृतीयांश, फेस बसू द्या, मग उरलेली. शेवटी लांब दांड्याचा चमचा तळाशी नेऊन एकदाच हलकेच वर उचलायचा. गोल ढवळायचं नाही. शेकरमध्ये वाइन कधीही घालायची नाही, झाकण हातात राहतं आणि बाकीचं अंगावर येतं.

आता कृती. सुटे आकडे सगळे मिलीत.

फ्रेंच ७५ : जिन ३०, कागदी लिंबाचा गाळलेला रस १२, साखरेचा पाक १५. हे तिन्ही बर्फाबरोबर शेकरमध्ये १० ते १२ सेकंद घुसळा, बारीक गाळणीने फ्लूटमध्ये गाळा आणि ७५ मिली ब्रूट. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेचं नाव याला मिळालंय. परदेशी पाककृतींत रस १५ मिली आणि पिवळ्या लेमनचा असतो. आपलं कागदी लिंबू चवीला जास्त धारदार, म्हणून १२.

किर रॉयाल : क्रेम द कासिस (काळ्या करंट फळांचं गोड लिक्युअर) १०, ब्रूट ९०. बस एवढंच. कासिस जड असल्याने तळाशी बसतं, चमच्याने एकदा उचलायला विसरू नका, नाहीतर शेवटचा घोट खोकल्याच्या औषधासारखा लागतो.

शॅम्पेन कॉकटेल : साखरेच्या चौकोनी खड्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) २ शिंतोडे, कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) १०, ब्रूट ९०. ढवळायचं नाही. खडा विरघळत असताना त्याच्या खरखरीत कडांवरून बुडबुड्यांची सरळ माळ शेवटपर्यंत वर येत राहते आणि पेय घोटागणिक गोड होत जातं. दिसायला याच्यासारखं दुसरं नाही.

रोसिनी : स्ट्रॉबेरीचा गर ४०, ब्रूट १००. ही बेलिनी या कॉकटेलची बहीण. मूळ बेलिनी पांढऱ्या पीचची, व्हेनिसच्या हॅरीज बारमधल्या जुझेप्पे चिप्रियानींची. डिसेंबरात आपल्याकडे पीच नसतात, पण महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात आलेली असते. गराची कृती आणि त्यातले धोके प्रतिसादात सविस्तर लिहितो, लेख लांबला.

खडीसाखर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पाकाबद्दल भर घालते, कारण 'पाक' म्हटलं की आपल्याकडे हात एकतारीकडे वळतो. इथे एकतारी पाक नको. २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळत ठेवायचं नाही. साधारण ३२० मिली होतो, म्हणजे २१ फ्रेंच ७५. जास्त आटवला तर तो पेल्याच्या बुडाला चिकटून बसतो, वाइनमध्ये मिसळत नाही, आणि मिसळायला ढवळलं की वायू गेला. साखर मळकट असेल तर पाक मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. गुळाचा पाक करू नका. गुळाची खारट-मातकट चव स्पार्कलिंग वाइनशी भांडते.

आल्याचा पाक मात्र जरूर करा. १०० ग्रॅम आल्याच्या पातळ चकत्या, २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, मंद आचेवर १० मिनिटं, मग झाकून २० मिनिटं, मग गाळणं. गाळल्यावर बरणी तासभर न हलवता ठेवा. तळाशी पांढरा थर बसतो, ते आल्याचं पिष्ट. वरचा निवळ पाक तेवढा अलगद ओतून घ्या. ते पिष्ट पेल्यात गेलं तर पेय गढूळ होतं आणि फेसही वाढतो. फ्रेंच ७५ मध्ये साध्या पाकाऐवजी हा १५ मिली घालून बघा, थंडीत फार छान लागतं.

संत्रानगरी

मिमोसा राहिलं. संत्र्याचा रस आणि वाइन समसमान ७५-७५ असं प्रमाण सगळीकडे सापडेल, पण ते आंबट-गोड परदेशी ऑरेंजसाठी आहे. नागपुरी संत्र्यात आंबटपणा कमी. समसमान केलं तर पेय सपक लागतं आणि वाइन हरवते. संत्र्याचा रस ५५, कागदी लिंबू ५, ब्रूट ९० असं करा. लिंबाचे ते ५ मिली वगळू नका, सगळा फरक तिथेच आहे.

मिक्सरमधून रस काढू नका. बिया आणि पांढरी साल चिरडली की कडवटपणा उतरतो. फोडी सोलून हाताने पिळा किंवा संत्रं आडवं कापून पिळणीवर हलक्या हाताने पिळा, मग फडक्यातून गाळा. रस ठेवला की कडूपणा वाढत जातो, मोसंबीचा तर अर्ध्या तासात. त्यामुळे मोसंबी या कामाला नकोच आणि संत्र्याचा रस पाहुणे आल्यावर काढा. डब्यातला संत्र्याचा रस घ्यायचाच तर साखर न घातलेला.

द्राक्षवेल

+१. मूळ लेखात टाकतो.

स्ट्रॉबेरीचा गर : २५० ग्रॅम पिकलेली स्ट्रॉबेरी, ३० ग्रॅम साखर, १० मिली लिंबाचा रस. देठाजवळचा पांढरा भाग काढून टाका. साखर लावून अर्धा तास ठेवा, मग मिक्सरला फिरवा. बारीक स्टीलच्या गाळणीतून चमच्याने दाबत गाळा, बिया सगळ्या वर राहिल्या पाहिजेत. २०० ते २२० मिली गर होतो. आता झाकून किमान २ तास फ्रिजमध्ये. ही पायरी गार होण्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त हवा निघण्यासाठी आहे. मिक्सरने गरात असंख्य बारीक हवेचे फुगे कोंडलेले असतात आणि वाइनमधला वायू त्यातल्या प्रत्येकाला धरून बाहेर पडतो.

ताजा फिरवलेला गर आणि विसावलेला गर शेजारी ठेवून ओतून बघा. ताज्या गरावर वाइनची पहिली धार पडली की गुलाबी फेस थेट काठापर्यंत चढतो. वरून पेला भरलेला दिसतो, आणि आडवा डोळा लावून बघितलं तर खाली द्रव जेमतेम दोन बोटं. घाईने ओतत राहिलात तर टेबलवर सांडतं. विसावलेल्या गरावर फेस अर्ध्या पेल्यापर्यंत येतो, वीस सेकंदांत बसतो.

बेलापूरकर_१२

फार उपयोगी. आमच्याकडे २० जण आहेत, त्यातले ५ न घेणारे. किती बाटल्या आणाव्यात? आणि प्रत्येक पेला वेगळा शेक करत बसायचं का? तसं केलं तर यजमान रात्रभर ओट्यापाशीच उभा.

खडीसाखर

शेक करत बसू नका. फ्रेंच ७५ चा आधार, म्हणजे वाइन सोडून बाकीचं मिश्रण, दुपारीच करून ठेवता येतो. २० पेल्यांसाठी जिन ६००, गाळलेला लिंबूरस २४०, पाक ३०० आणि गार पिण्याचं पाणी २४० मिली. पाणी बघून दचकू नका. शेकरमध्ये बर्फ वितळून तेवढं पाणी आपोआप येतं. आगाऊ करताना ते हाताने घालावं लागतं, नाहीतर पेय जळजळीत लागतं. सगळं मिळून १३८० मिली, काचेच्या दोन बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये. प्रत्येक पेल्यात ७० मिली आधार, वर ७५ मिली ब्रूट. लिंबं १८ ते २० लागतील. रस काढल्यापासून ५-६ तासांत वापरायचा, आदल्या रात्रीचा नको, चव शिळी होते. ॲल्युमिनियमच्या किंवा पितळी भांड्यात लिंबूरस ठेवू नका.

रोसिनी १५ पेल्यांसाठी : ६०० मिली गर, तीन लिटरच्या गार स्टीलच्या जगात. जग मुद्दाम मोठा, फेसाला जागा हवी. त्यात ५०० मिली ब्रूट कडेने हळू सोडा, फेस बसू द्या, एकदा उचला. मग पेल्यात ७० ते ७५ मिली हे मिश्रण आणि वर बाटलीतून थेट ६५ मिली ब्रूट. जगातल्या वाइनचा थोडा वायू जातो, पण गर पातळ झाल्यामुळे वरची वाइन न उसळता बसते. पेल्यागणिक वीस सेकंद थांबणं वाचतं. हे जगातलं मिश्रण मात्र दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं.

द्राक्षवेल

बेलापूरकर, बाटल्यांचा हिशेब असा. १५ जण, चार तास, माणशी ३ पेले म्हणजे ४५. समजा २० फ्रेंच ७५ (दीड लिटर वाइन), १५ रोसिनी (दीड लिटर), १० कोकमाची (एक लिटर, कृती कोणीतरी कोकणातलं देईलच). झाले ४ लिटर. बारा वाजता सगळ्यांना नुसती ७५ मिली द्यायची तर आणखी सव्वा लिटर धरा, म्हणजे सव्वापाच. ७५० मिलीच्या ७ बाटल्या काठोकाठ होतात. फेसात आणि सांडण्यात थोडी जातेच, तेव्हा ८ आणा. न उघडलेली बाटली पुढे लागतेच.

बाकी यादी : जिनची ७५० मिलीची एक बाटली, स्ट्रॉबेरी ७५० ग्रॅम, लिंबं ३०, साखर अर्धा किलो. बर्फ १० ते १२ किलो, तोही प्यायला नव्हे, बादलीसाठी. आठही बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये, आणि त्या दिवशी एका वेळी चारच बादलीत. दोन तासांनी बर्फ बदला.

एकाच वेळी तीन कॉकटेल्स मांडू नका. साडेआठ ते दहा एक, दहानंतर दुसरं. एका वेळी एकच बाटली उघडी राहते आणि ती संपते. तीन अर्ध्या बाटल्या उघड्या राहिल्या की तिन्ही मरतात.

महाराष्ट्रात वाइन आणि बिअरला २१ वर्षं, जिनसारख्या कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजातली भावंडं असतील तर फ्रेंच ७५ त्यांच्यासाठी नाही.

रातांबा

कोकण हजर आहे.

पहिली गोष्ट, आगळ आणि अमृत कोकम यात गल्लत करू नका. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीचा. तो वाइनमध्ये गेला तर पेला फेकावा लागेल. हवं ते अमृत कोकम, साखरेतलं. त्यातही बाजारच्या बऱ्याच बाटल्यांत जिरं आणि मीठ असतं, मागचं लेबल वाचा. जिऱ्याचा वास वाइनच्या फळाच्या वासाला पुरता झाकून टाकतो.

घरी करायचं तर ५० ग्रॅम आमसुलं दोनदा भराभर धुऊन घ्या, वाळवताना मीठ लावलेलं असतं. २०० मिली कोमट पाण्यात २ तास भिजवा, हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. त्यात १५० ग्रॅम साखर विरघळवा, उकळू नका. दोन दिवस आधी केलं तरी फ्रिजमध्ये छान राहतं.

पेल्यात १५ मिली कोकम, १०० मिली ब्रूट. लिंबू अजिबात नको, कोकमाचा आंबटपणा पुरतो. रंग आधी तळाशी गर्द लाल आणि वर पिवळसर असा दुभंगलेला राहतो. ज्याला तसं दाखवायचंय त्याने न उचलता द्यावं. पण मग पहिले घोट कोरडे आणि शेवटचे गोडमिट्ट होतात, तेव्हा प्यायच्या आधी एकदा चमचा फिरवायला पाहुण्याला सांगा.

काठाला मीठ-तिखट लावायची हौस असेल तर अर्ध्याच काठाला आणि बाहेरच्या बाजूनेच. मिठाचा कण पेल्यात पडला की तिथून फवारा उठतो. साखरेचंही तेच.

मांडवीकाठ

रातांबाताईंच्या कोकमात काजूची फेणी १५ मिली घाला, वाइन १०० तशीच. गोव्याचा डिसेंबर पेल्यात उतरतो. १५ च्या वर जाऊ नका, फेणीचा वास दांडगा असतो. ३० घातली तर पेल्यात फक्त फेणी उरते आणि ब्रूटचे पैसे वाया. फेणी फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालते, गोठत नाही, आणि थंड झाल्यावर तिचा उग्रपणा जरा खाली बसतो.

हुर्राक यात सुचवणारे भेटतील. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, काजूच्या हंगामातली, साधारण फेब्रुवारी ते मे. डिसेंबरात कोणी विकत असेल तर ती मागच्या हंगामाची, सोडून द्या.

नारळाची फेणी कोकमापेक्षा आल्याच्या पाकाबरोबर जास्त जुळते : फेणी १५, आल्याचा पाक १०, लिंबूरस ५, ब्रूट ९०.

काचघर

पेल्यांबद्दल कोणी बोललं नाही, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.

भांड्यांच्या साबणाचा पातळ थर राहिला की फेस बसतो, म्हणजे टिकतच नाही. तेलकट बोटं, ओठाची लाली, यांचंही तेच. पेले गरम पाण्याने साबणाशिवाय शेवटचे दोनदा विसळा, उपडे न ठेवता तिरके निथळा, आणि स्वच्छ सुती फडक्याने आतून हलकेच पुसा. हे पुसणं बुडबुड्यांच्या कामाचं आहे. फ्रान्समधल्या रांस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलंय की पेल्यातल्या बुडबुड्यांच्या माळा बहुतेक करून काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमधल्या हवेपासून सुरू होतात. अगदी नितळ, धूळ-तंतू नसलेल्या काचेत वाइन जवळपास शांत पडून राहते.

पेले फ्रीझरमध्ये घालू नका. आत दवाचा पांढरा थर जमतो, त्याच्या प्रत्येक कणावर वाइन फसफसते आणि अर्धा पेला फेस. फ्रिजमध्ये अर्धा तास पुरे.

बशीसारखे पसरट कूप पेले फोटोत सुंदर दिसतात. पृष्ठभाग मोठा असल्याने वायू लवकर जातो, आणि गर्दीत हातावर सांडतं. फ्रेंच ७५ सारखं चार घोटांत संपणारं पेय त्यात चालेल. केटररकडचे प्लास्टिकचे फ्लूट मिळाले तर समजून असा की प्लास्टिकच्या भिंतीला बुडबुडे चिकटून मोठे होतात, बारीक माळ दिसत नाही. चव तीच.

थेम्सकाठी

लंडनहून. इकडच्या मराठी मंडळींसाठी : या सगळ्या कृतींना स्पेनची कावा ब्रूट सगळ्यात सोयीची. तीही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, कोरडी, आणि शॅम्पेनच्या मानाने खूप स्वस्त. इटलीची प्रोसेको टाकीत आंबवतात, फळांचा वास जास्त, रोसिनी-बेलिनीला ती मुळातलीच. पण दुकानात दिसणाऱ्या कितीतरी प्रोसेको 'एक्स्ट्रा ड्राय' असतात, द्राक्षवेल यांनी वर सांगितलेली गफलत इथे रोज होते. फ्रेंच ७५ साठी ब्रूट लिहिलेलीच शोधा. 'फ्रिझान्ते' लिहिलेली तर कॉकटेलला घेऊच नका, तिच्यात वायू मुळातच निम्म्याहून कमी.

अपेरॉल (संत्र्याच्या चवीचं, कडसर इटालियन लिक्युअर) मिळत असेल तर स्प्रिट्झ विसरू नका : प्रोसेको ९०, अपेरॉल ६०, सोड्याचा शिडकावा, संत्र्याची चकती, आणि हा एकच प्रकार मोठ्या वाइनग्लासात भरपूर बर्फावर.

बेलापूरकर_१२

बर्फावर चालतं? वर तर बर्फ प्यायला नकोच म्हटलंय.

काचघर

स्प्रिट्झमध्ये चालतं, पेय तसंच बांधलेलं आहे. पण बर्फ मोठा आणि घट्ट हवा, आणि फ्रीझरमधून काढल्यावर एकदा गार पाण्याने धुऊन घ्या. नुकत्या काढलेल्या खड्यावर हिमाची पूड असते, वाइन तिच्यावर पडली की उसळते. चुरा बर्फ तर अजिबात नको. पेला बर्फाने काठोकाठ भरा. दोनच खडे टाकले तर ते लवकर वितळतात आणि पेय पाणचट होतं.

संत्रानगरी

पेरू, डाळिंब, सीताफळ यांचं काय?

द्राक्षवेल

डाळिंब चांगलं. दाणे मिक्सरला फिरवू नका, बी फुटून तुरटपणा येतो. जाड पिशवीत घालून लाटण्याने चेपा किंवा गाळणीवर दाबा, फडक्यातून गाळा. ३० मिली रस, ५ मिली पाक, ९० ब्रूट.

गुलाबी पेरू : ३०० ग्रॅम गर, १०० मिली पाणी घालून फिरवा, दोनदा गाळा. पेरूत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) भरपूर, त्यामुळे गर थलथलीत होतो आणि फेस खूप धरतो. पेल्याला २५ मिलीच्या वर नको, आणि ५ मिली लिंबू हवंच. सीताफळ नको, सायीसारखा गर वाइनमध्ये फाटल्यासारखा दिसतो. डब्यातला आमरस हंगाम नसताना चालवायचा तर २० मिली, निम्मं पाणी घालून.

रातांबा

एक काळजीची गोष्ट. ही पेयं गोड, गार आणि हलकी लागतात, आणि म्हणून माणूस मोजत नाही. हिशेब करून ठेवते. आपल्याकडची जिन ४२.८ टक्के, वाइन साधारण १२ टक्के. फ्रेंच ७५ मध्ये जिनमधून १२.८ मिली आणि वाइनमधून ९ मिली, मिळून जवळजवळ २२ मिली शुद्ध अल्कोहोल. रोसिनीत फक्त १२. म्हणजे एक फ्रेंच ७५ म्हणजे पावणेदोन रोसिनी धरा. बुडबुड्यांमुळे चढतंही लवकर. गाडी चालवायची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एका पेल्यातही ओलांडू शकते. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला वेगळं पेय द्या, आणि ते पाहुण्यासारखंच द्या, कोपऱ्यातला कोल्ड्रिंकचा ग्लास म्हणून नको : त्याच फ्लूटमध्ये १५ मिली कोकम, ५ मिली आल्याचा पाक, १०० मिली अगदी गार सोडा. फरक ओळखू यावा म्हणून काठाला पुदिन्याचं पान. जग वेगळा, झाकणावर चिठ्ठी.

खडीसाखर

याला पूर्ण अनुमोदन. आणि मधे खायला खारं-तळलेलं ठेवा. ब्रूटच्या आंबटपणाला बटाटेवडे, साबुदाण्याच्या चकल्या, तळलेले बोंबील असं काहीही छान लागतं. केक कापायच्या वेळी मात्र ब्रूट देऊ नका, गोडावर ती एकदम आंबट लागते. तेव्हा ती डेमी सेक काढा.

बेलापूरकर_१२

शेवटचा प्रश्न. अर्धी उरलेली बाटली? तोंडात चांदीचा चमचा अडकवून ठेवायचं ऐकलंय.

काचघर

चमच्याने काही होत नाही. बाटली गार असल्यामुळे वायू टिकतो, श्रेय चमच्याला मिळतं. स्पार्कलिंग वाइनचं दोन्ही बाजूंनी पकडणारं बूच मिळतं, ते लावून उभी फ्रिजमध्ये. साधं बूच दाबून बसवू नका, दाबाने उडतं. आडवीही ठेवू नका. दुसऱ्या दिवशी चांगली असते, तिसऱ्या दिवशी मिमोसापुरती. त्यानंतर उरलीच तर थोडी साखर घालून अर्ध्यावर आटवा आणि त्यात उरलेल्या स्ट्रॉबेरी पाच मिनिटं ठेवा.